कॉमिक्सवाल्यांचे कॅमिओ : एका व्हिडिओच्या कामाच्या नोंदी

७ जून

आमच्या वाचनालयाच्या कॉमिक्स कट्ट्यासाठी एक व्हिडिओ बनवायला घेतलाय. सुपरहिरोंच्या पिक्चरमध्ये मूळ कॉमिक्स लिहिणारी आणि काढणारी माणसं मधेच कुठेतरी दोन सेकंद दिसून जातात, त्याला कॅमिओ म्हणतात, ते सगळे तुकडे एकत्र करायचे आणि प्रत्येकाखाली मराठीत नाव आणि त्यांनी काय बनवलं ते टाकायचं. कुणाला असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतोय.

पहिलं काम यादीचं. नेटवर कॅमिओ शोधलं की पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान, सगळीकडे मार्व्हलचे लेखक स्टॅन ली. ते साहजिकच आहे, एक्स-मेन (२०००) मध्ये बीचवर हॉटडॉगच्या गाडीपाशी उभे राहिले तिथपासून अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम (२०१९) मध्ये १९७० सालची गाडी हाकत जातात तिथपर्यंत जवळजवळ प्रत्येक मार्व्हल पिक्चरमध्ये आहेत, आणि मला ते प्रत्येक वेळी बघायला आवडतात. पण कॉमिक एकट्याने होत नाही ना. लिहिणारा एक, पेन्सिल मारणारा एक, शाई, रंग, फुग्यातली अक्षरं, प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून ठरवलं की ली यांचे तुकडे झरझर जातील आणि बाकीच्यांना जास्त वेळ द्यायचा.

शीटमध्ये कॉलम केले : पिक्चर, साल, कुठली एडिशन, टाइमकोड (सीन नेमका कितव्या मिनिट-सेकंदाला), फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम), कोण, काय करतायत, बोलतात का, आणि शेवटी 'मी स्वतः बघितलं का'. हा शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, कारण नेटवरच्या याद्या एकमेकींवरून कॉपी झालेल्या असतात.

नियम तीन. माणूस स्वतः पडद्यावर दिसला पाहिजे. सिनेमाच पाहिजे, टीव्ही नाही. आणि नट नकोत, म्हणजे हल्क (२००३) मध्ये ली यांच्याबरोबर लू फेरिग्नो सिक्युरिटी गार्ड होऊन चालत येतो, तो टीव्हीवरचा जुना हल्क, बघून छान वाटतं, पण या यादीत नाही.

१५ जून

रविवार, जुना बाजार. ओटीटीवरून क्लिप घेता येत नाही, स्क्रीन रेकॉर्ड केलं की काळं येतं, त्यामुळे डिस्क लागणारच होत्या. जुन्या डीव्हीडी ५० ते ८० रुपयांना मिळतात, घासाघीस करून ढीग घेतला, ६४० रुपये झाले. घरी येऊन बघितलं तर डेअरडेव्हिलच्या बॉक्समध्ये भलताच पिक्चर आणि स्पायडर-मॅन २ वर एवढे ओरखडे की मधला भाग वाचलाच जाईना. तिथेच बॉक्स उघडून डिस्क उजेडात तिरकी धरून बघा, दुकानदार काही म्हणत नाहीत. नवीन पिक्चरच्या ब्लू-रे दोन मित्रांकडून आणल्या.

१८ जून

टाइमकोड जुळत नाहीत. इंग्रजी यादीत दिलेल्या जागेवर जावं तर सीन आधीच होऊन गेलेला असतो, आणि पिक्चर जेवढा पुढे जाईल तेवढा फरक वाढत जातो. आधी वाटलं यादीच चुकीची, एक संध्याकाळ त्यातच गेली. कारण असं निघालं की आपल्याकडच्या डीव्हीडी टीव्हीच्या पाल सिस्टिमच्या. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो, पालमध्ये २५ ने चालतो, म्हणजे सगळा पिक्चर ४ टक्के फास्ट आणि आवाजही थोडा वर चढलेला. अमेरिकन डिस्कवर ५० मिनिटांवर असलेला सीन आपल्या डीव्हीडीवर साधारण ४७ मिनिटं ५७ सेकंदांवर सापडतो.

उपाय सोपा आहे : शीटमधल्या सेकंदांना ०.९५९ ने गुणायचं. आणि एडिटिंगला घेताना क्लिपच्या प्रॉपर्टीत जाऊन फ्रेमरेट २३.९७६ करायचा, मग आवाजही तेवढाच ताणायचा, नाहीतर ओठ आणि आवाज वेगळे होतात. टाइमलाइनचा फ्रेमरेट पहिली क्लिप टाकायच्या आधी ठरवा, नंतर सॉफ्टवेअर बदलू देत नाही. मला सगळा प्रोजेक्ट नवीन उघडावा लागला.

२१ जून

एडिशनची भानगड. डेअरडेव्हिल (२००३) ची डायरेक्टर्स कट जवळजवळ अर्ध्या तासाने मोठी आहे, एक्स-मेनच्या डेज ऑफ फ्युचर पास्ट ची रोग कट १७ मिनिटांनी मोठी. दोन्हीकडे टाइमकोड वेगळे. एडिशनचा कॉलम आधीपासून ठेवला होता ते बरं झालं, तुम्हीही ठेवा.

डेअरडेव्हिल मिळाला शेवटी, एका मैत्रिणीच्या दादाकडे ओरिजिनल होता. या पिक्चरमध्ये मला दोघं सापडले. ली पेपर वाचत वाचत रस्ता ओलांडायला निघतात आणि आंधळा छोटा मॅट, म्हणजे लहानपणीचा डेअरडेव्हिल, त्यांना काठीने अडवतो. आणि फ्रँक मिलर, ज्यांनी ऐंशीच्या दशकात डेअरडेव्हिलला आजचा डेअरडेव्हिल बनवलं, ते डोक्यात पेन घुसलेलं प्रेत आहेत, बुल्सआय या व्हिलनने मारलेलं. शॉट इतका छोटा की ओळखेपर्यंत संपतो. इथे ठरवलं की अशा शॉटवर फ्रेम थांबवायची, भोवती गोल काढायचा, मग पुढे जायचं.

२२ जून

आज फक्त एक्स-मेन. एवढी मजा या कामात अजून आली नव्हती.

द लास्ट स्टँड (२००६) ची सुरुवात. वीस वर्षांपूर्वीचा सीन, प्रोफेसर एक्स आणि मॅग्नेटो छोट्या जीन ग्रेला भेटायला तिच्या घरी येतात. जीन घरात बसून आपली ताकद दाखवते आणि बाहेर शेजारपाजारच्या वस्तू उचलल्या जातात. पाइपने पाणी घालणारे म्हातारे गृहस्थ म्हणजे स्टॅन ली, त्यांच्या पाइपातलं पाणी वर जायला लागतं. आणि गवत कापायचं मशीन घेऊन जे उभे आहेत ते ख्रिस क्लेअरमाँट. यादीत नुसतं 'गवत कापणारा माणूस' असतं, पण जीनची डार्क फिनिक्स झाली ती गोष्ट १९८० मध्ये यांनीच लिहिली, सोळा-सतरा वर्षं एक्स-मेन यांनीच चालवलं. म्हणजे ज्या मुलीची गोष्ट यांनी लिहिली तीच मुलगी यांच्या हातातलं मशीन हवेत उचलतेय! हे खाली दोन ओळींत लिहिल्याशिवाय ती क्लिप अर्धवटच आहे.

डेज ऑफ फ्युचर पास्ट (२०१४) मध्ये क्लेअरमाँट परत दिसतात, लेन वीन यांच्याबरोबर, दोघंही बोलिव्हर ट्रास्कचं म्हणणं ऐकणारे काँग्रेसमन, म्हणजे अमेरिकन संसदेतले खासदार. ती गोष्टही मुळात क्लेअरमाँट यांचीच, आणि वीन म्हणजे १९७४ मध्ये वुल्व्हरिन ज्यांनी लिहिला ते. त्या पिक्चरमध्ये ली नाहीतच. वीन २०१७ मध्ये गेले, त्यामुळे ही क्लिप मी थोडी लांब ठेवली.

पण एक खटकलं ते लिहितो. या दोन्ही गोष्टी ज्यांनी चित्रांत उभ्या केल्या ते जॉन बर्न कुठेच नाहीत. शीटला आज नवीन कॉलम जोडला : 'बरोबर कोण होतं'.

२८ जून

थॉर (२०११) मध्ये दिवस गेला, कारण एकाच पिक्चरमध्ये चार जण आहेत. वाळवंटात हातोडा पडतो, तो पहिल्यांदा सापडतो आणि उचलायला जातो तो माणूस म्हणजे जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की, २००७ पासूनचा थॉर यांनी लिहिला आणि पिक्चरच्या कथेतही यांचं नाव आहे. मग गर्दी जमते, ली पिकअप ट्रकला साखळी बांधून हातोडा ओढतात, ट्रकचा मागचा भागच निखळून येतो. हे दोन्ही लगेच सापडतात.

वॉल्टर आणि लुईस सायमनसन मात्र शेवटच्या असगार्डच्या मेजवानीत बसलेत, भरजरी कपड्यांत, भरपूर गर्दीत, आणि कॅमेरा त्यांच्यासाठी थांबत नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, तसं करत करत बघा. शेजारी त्यांचे त्या काळातले फोटो उघडून ठेवा, दाढीवरून वॉल्टर ओळखता येतात. १९८३ पासून त्यांनी जो थॉर लिहिला आणि काढला, तो कट्ट्यावरच्या बऱ्याच जणांचा पहिला थॉर आहे, त्यामुळे कितीही वेळ लागला तरी हे सोडायचं नव्हतं.

२ जुलै

आज सगळं तांत्रिक, आणि सगळं बिघडलेलं.

एफएफएमपेग या फ्री सॉफ्टवेअरने क्लिप कापल्या, नुसती कॉपी करून, रिएन्कोड न करता (म्हणजे फ्रेम नव्याने न बनवता), कारण पटकन होतं. पण असं कापलं की सुरुवात जवळच्या कीफ्रेमवर (पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर) सरकते, त्यामुळे काही क्लिप दोन सेकंद आधी सुरू, काही सुरुवातीला गोठलेल्या. दोन सेकंदांच्या कॅमिओत दोन सेकंद इकडचे तिकडे म्हणजे काय राहिलं? सगळ्या परत कापल्या, या वेळी रिएन्कोड करून. मशीन रात्रभर चालू ठेवलं.

मग एडिटिंगमध्ये निम्म्या क्लिपला आवाजच नाही. डिस्कवरचा डॉल्बी आणि डीटीएस ऑडिओ माझं एडिटिंगचं फ्री सॉफ्टवेअर घेत नाही. कापतानाच ऑडिओ साध्या पीसीएम फॉरमॅटमध्ये बदला, प्रश्नच मिटतो.

तिसरी गोष्ट आकार. स्पायडर-मॅन (२००२), अ‍ॅव्हेंजर्स (२०१२), अँट-मॅन हे १.८५ चे (उंचीच्या १.८५ पट रुंद), थॉर वगैरे २.३९ चे रुंद. सगळे एकसारखे दिसावेत म्हणून फ्रेम भरून मोठे केले तर कडेची माणसं कापली गेली, आणि आपली माणसं नेमकी कडेलाच असतात. काळ्या पट्ट्या राहू दिल्या. वाईट दिसत नाही.

आणि लाउडनेस. सगळ्या क्लिप ऑटोने एका लेव्हलला आणल्या, तर अमेझिंग स्पायडर-मॅन (२०१२) चा तुकडा मेला. त्यात ली शाळेचे लायब्रेरियन, कानाला हेडफोन, शांतपणे संगीत ऐकतायत आणि मागे स्पायडर-मॅन आणि लिझर्ड टेबलं फोडतायत. सगळी गंमत संगीत पुढे आणि मारामारी मागे यातच आहे. अशा क्लिपला ऑटो लावू नका, कानाने ऐकून हाताने लेव्हल करा.

५ जुलै

मराठी टायटल. फॉन्ट चांगला असून सॉफ्टवेअरच्या टायटल टूलमध्ये अक्षरं मोडतात. 'स्टार्लिन' लिहिलं की रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे, 'कर्बी' तर वाचताच येईना. फॉन्ट बदलून बघितले, काही फरक नाही, दोष टूलचा आहे. शेवटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी नावं 'मुक्ता' फॉन्टमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी काढल्या आणि चित्र म्हणून टाकल्या. एक स्पेलिंग बदललं तरी परत एक्सपोर्ट करावं लागतं, त्यामुळे नावं कशी लिहायची ते कागदावर आधी पक्कं करा. ज्यांच्यासाठी व्हिडिओ करतोय त्यांची नावंच मोडकी दिसली तर काय उपयोग, म्हणून इथे कंटाळा केला नाही.

९ जुलै

बाकीचे सगळे आज बसवले. कॅप्टन मार्व्हल (२०१९) मध्ये स्टेशनवर कॅरोलच्या जवळून जाणाऱ्या केली सू डीकॉनिक, २०१२ मध्ये कॅरोलला कॅप्टन मार्व्हल हे नाव मिळालं ते यांच्या लेखणीतून. डेडपूल (२०१६) मध्ये बारमध्ये रॉब लिफेल्ड, कॉमिकमध्ये डेडपूल काढणारे. एंडगेममध्ये स्टीव्ह रॉजर्सच्या सपोर्ट ग्रुपमध्ये खुर्चीवर बसलेले जिम स्टार्लिन, १९७३ मध्ये थॅनोस काढणारे. थॅनोसने निम्मं जग पुसलं म्हणून लोक रडतायत आणि त्यांच्यात थॅनोसचा बाप बसलाय, कट्ट्यावर हा शॉट दोनदा दाखवणार आहे.

एड ब्रुबेकर यांच्यावर मात्र थांबलो. कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर (२०१४) मध्ये बकीच्या, म्हणजे कॅप्टन अमेरिकाच्या जुन्या साथीदाराच्या, खुर्चीभोवती जे शास्त्रज्ञ आहेत त्यांतले ते एक. २००५ मध्ये मेलेल्या बकीला विंटर सोल्जर म्हणून परत आणलं ते ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी. ब्रुबेकर २०२१ मध्ये जाहीरपणे म्हणाले की हे पात्र तयार केल्याबद्दल मिळालं त्यापेक्षा जास्त पैसे त्यांना या छोट्याशा रोलच्या रॉयल्टीतून मिळाले. म्हणजे पडद्यावर क्षणभर उभं राहिल्याचे पैसे नटांच्या युनियनच्या नियमाने घरी येत राहतात, आणि ज्या पात्रावर सगळा पिक्चर उभा आहे त्याचे येत नाहीत. हे वाचल्यावर मला या क्लिप नुसत्या गमतीच्या वाटेनाशा झाल्या. एप्टिंग यांना तर तो शॉटही नाही. ब्रुबेकर यांच्या क्लिपखाली एप्टिंग यांचं नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात टाकलंय.

१३ जुलै

पहिली कट दोन मित्र आणि माझ्या आतेबहिणीला दाखवली. सालानुसार लावली होती. अर्ध्यातच तिघांचं लक्ष उडालं, आतेबहीण म्हणाली, "अरे तेच आजोबा परत परत येतात, मला बाकीचे कोण ते कळतच नाहीये." बरोबरच बोलली. तुकडे मोजले तर दहातले आठ-नऊ ली.

परत लावलं. ली यांचे सगळे एका दमात, पोस्टमन, बस ड्रायव्हर, न्हावी, डीजे, लग्नाच्या दारातून हाकलून दिलेला पाहुणा, प्रत्येकी जेमतेम तीन सेकंद. ते लग्न १९६५ च्या फँटॅस्टिक फोर अ‍ॅन्युअलमधलं, तिथे कॉमिकच्या पानावरच ली आणि चित्रकार जॅक कर्बी दोघांनाही दारातून परत पाठवलंय. २००७ च्या पिक्चरमध्ये दारात ली एकटेच. कर्बी १९९४ मध्येच गेले होते.

हे टाइमलाइनवर बसवताना कर्बींचा प्रश्न समोर आलाच. फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन ली यांच्याबरोबर, कॅप्टन अमेरिका त्याच्या कितीतरी आधी जो सायमन यांच्याबरोबर, आणि माझ्या व्हिडिओत कर्बी नाहीत. नियम माझाच : टीव्ही नाही.

१६ जुलै

नियम मोडला, आणि कारण लिहून ठेवतो.

ली यांच्या कॅमिओची जवळजवळ प्रत्येक यादी १९८९ च्या द ट्रायल ऑफ द इनक्रेडिबल हल्क पासून सुरू होते. त्यात बॅनरला, म्हणजे ज्याचा हल्क होतो त्याला, कोर्टाचं वाईट स्वप्न पडतं आणि ज्युरीत ली बसलेले असतात. हा थिएटरमधला पिक्चर नाही, हल्कच्या जुन्या टीव्ही मालिकेला जोडून टीव्हीसाठी केलेला आहे. त्याच टीव्ही मालिकेत १९७९ मध्ये, 'नो एस्केप' नावाच्या भागात, जॅक कर्बी आहेत. म्हणजे टीव्ही धरायचा असेल तर कर्बी दहा वर्षं आधी, आणि धरायचा नसेल तर १९८९ पण काढा. याद्या एक धरतात आणि एक सोडतात. मी दोन्ही धरले, आणि व्हिडिओ कर्बींपासून सुरू होतो.

दुसऱ्या सीझनचा सेट अमेरिकेतल्या मावसभावाकडे होता, तो गेल्या महिन्यात येताना घेऊन आला म्हणून जमलं. तिकडची डिस्क एनटीएससी, म्हणजे अमेरिकन टीव्ही सिस्टिमची, फिल्मवर शूट झालेलं टीव्हीसाठी ३० फ्रेममध्ये ताणलेलं, त्यामुळे दर पाचातल्या दोन फ्रेमवर कंगव्यासारखे दात दिसतात. मी फ्रेम थांबवून दाखवणार, आणि थांबवली की नेमके हेच दात. साधं डीइंटरलेस केलं, म्हणजे ते दात पुसले, तर चित्र मऊ होतं. एफएफएमपेगमध्ये फील्डमॅच आणि त्यानंतर डेसिमेट हे दोन फिल्टर लावले, २३.९७६ परत मिळालं, फ्रेम स्वच्छ.

आणि त्या फ्रेममध्ये काय आहे तर कर्बी पोलिसांचे चित्रकार आहेत. साक्षीदाराच्या वर्णनावरून संशयिताचं चित्र काढायचं काम. आणि कागदावर आहे हल्क. १९६२ मध्ये ज्या माणसाने हल्क पहिल्यांदा कागदावर काढला त्यालाच हल्क कसा दिसतो ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून काढायला लावलंय. पूर्ण शॉट ठेवला, एक फ्रेम कापली नाही.

१९ जुलै

जे कधीच दिसले नाहीत त्यांच्यासाठी काय करायचं ते ठरलं : काळी पाटी, नाव, साल, काम. फोटो नाही, संगीत नाही.

बॅटमॅन काढणारे बॉब केन मधलेच, दिसलेही नाहीत आणि पूर्ण गायबही नाहीत. बॅटमॅन (१९८९) मध्ये त्यांचा छोटा रोल ठरला होता, तब्येतीमुळे झाला नाही. पण पेपरच्या ऑफिसात नॉक्स या बातमीदाराची टर उडवायला एक सहकारी त्याच्या हातात चित्र देतो, सूट घातलेलं वटवाघूळ, त्यावर चौकटीत सही आहे बॉब केन. ब्लू-रेवर थांबवलं की स्वच्छ वाचता येते. सही म्हणजे माणूस नाही, पण हातच तर शोधतोय आपण, म्हणून घेतली.

त्याला लागून लगेच बिल फिंगर यांची पाटी. बॅटमॅनच्या पोशाखापासून गोष्टींपर्यंत केवढं तरी त्यांचं, १९७४ मध्ये गेले, आणि सिनेमाच्या क्रेडिटमध्ये केन यांच्या नावाबरोबर त्यांचं नाव आलं ते २०१६ च्या बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन मध्ये. १९८९ च्या पिक्चरमध्ये एकाची सही आहे आणि दुसऱ्याचं नाव सुद्धा नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वेगळं काही बोलायची गरज नाही, म्हणून व्हॉइसओव्हर काढून टाकला.

स्टीव्ह डिटको यांना पाटी द्यायला आधी कचरलो. स्पायडर-मॅन आणि डॉक्टर स्ट्रेंज काढणारा हा माणूस स्वतःहून कॅमेऱ्यापासून लांब राहिला, मुलाखती दिल्या नाहीत. त्यांची गोष्ट फिंगर यांच्यासारखी नाही. पाटीऐवजी स्पायडर-व्हर्स (२०१८) च्या शेवटची अर्पणाची ओळ घेतली, ज्यात ली आणि डिटको दोघांचे आभार आहेत. दोघंही त्याच वर्षी गेले.

२६ जुलै

शनिवारी कट्ट्यावर दाखवला. फायनल लांबी १४ मिनिटं. खर्च : जुन्या डिस्क ६४०, सेकंडहँड डीव्हीडी ड्राइव्ह ७००, प्रोजेक्टरचं भाडं ८००. मशीन आणि हार्डडिस्क घरचीच. ब्लू-रेवाल्या मित्राने क्लिप त्याच्याकडेच काढून दिल्या, नाहीतर तो ड्राइव्ह महाग पडला असता. सगळ्यात जास्त वेळ एडिटिंगला नाही, शोधायला आणि खात्री करायला लागला.

व्हिडिओ ऑनलाइन नाही टाकलेला. प्रायव्हेट टाकून बघितला तरी ऑटोमॅटिक ब्लॉक झाला, आणि पिक्चर ज्यांचे त्यांचा हक्क आहेच, वाद नाही. शीट मात्र कुणालाही देतो, टाइमकोड पाल आणि २३.९७६ दोन्हीचे आहेत, एडिशनसकट.

राहिलेलं काम : स्पॉन (१९९७) मधले टॉड मॅकफार्लेन, डिस्क अजून मिळालेली नाही, कुणाकडे असेल तर कळवा, दोन दिवसांत परत देईन. आणि 'बरोबर कोण होतं' या कॉलममध्ये रंग भरणाऱ्यांची आणि अक्षरं काढणाऱ्यांची नावं भरायचीत. कट्ट्यावर एका आठवीतल्या मुलीने तेच पहिलं विचारलं, की फुग्यातलं कोण लिहितं. थॉरच्या सायमनसन अंकांची अक्षरं जॉन वर्कमन यांची, ते त्या रात्रीच भरलं. एक्स-मेनचे टॉम ऑर्झेहॉव्स्की पण भरले. बाकीचे अंक काढून बसलोय.